नेटवर्कचा दोष शोधताना: आयपी, गेटवे आणि डीएनएस

घरातले इंटरनेट बंद पडले की बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा सुरू करतात. पुष्कळदा त्याने काम भागते, पण दोष नेमका कुठे होता हे कळत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमधील आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर या चार नोंदी वाचता आल्या, तर तक्रार कोणाकडे न्यायची हे आधीच ठरवता येते. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही आदेश टाइप करण्याची खिडकी उघडून ipconfig /all हा आदेश दिल्यास त्या दिसतात. फोनवर जोडलेल्या वाय-फायच्या नावाशेजारील तपशिलात त्या सापडतात.

प्रथम आयपी अ‍ॅड्रेस पाहावा. शून्य ते २५५ मधील चार आकड्यांचा हा पत्ता घरगुती नेटवर्कमध्ये बहुधा १९२.१६८ ने, तर काही ठिकाणी १० ने सुरू होतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे तोच पत्ता असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतो. बाहेर जाताना राउटर त्याच्या जागी स्वतःचा पत्ता लावतो, आणि या अदलाबदलीला नॅट म्हणतात. मात्र पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी या सेवेकडून उत्तरच आले नाही आणि उपकरणाने स्वतःच एक पत्ता घेतला, असे समजावे. अशा वेळी इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नसतो. केबल, वाय-फायची जोडणी आणि राउटर तपासावेत.

सबनेट मास्कची नोंद फारशी कोणी वाचत नाही, आणि प्रिंटर ‘सापडत नाही’ तेव्हा नेमकी तीच उपयोगी पडते. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे समान असलेली उपकरणेच एका स्थानिक नेटवर्कमध्ये मोडतात. समजा, लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.२० आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.३५ आहे. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे घरात दोन नेटवर्क तयार झाली आहेत. फायबरची जोडणी देणाऱ्या कंपनीच्या पेटीतच राउटर असतो, आणि सिग्नल दूरच्या खोलीपर्यंत पोहोचावा म्हणून आपण आणखी एक राउटर जोडतो. मग दोघेही आपापले पत्ते वाटू लागतात. प्रिंटरचा आपोआप होणारा शोध सामान्यतः एका स्थानिक नेटवर्कपुरताच चालत असल्याने लॅपटॉपला तो दिसत नाही. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकावा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकाकडेच राहते. फोन ‘गेस्ट’ वाय-फायवर असला तरीही असाच अनुभव येतो, कारण ते नेटवर्क मुद्दाम वेगळे ठेवलेले असते.

डिफॉल्ट गेटवे म्हणजे नेटवर्कमधून बाहेर पडण्याचा मार्ग. घरात तो पत्ता राउटरचा असतो. येथून पुढे पिंग हा आदेश वापरावा. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम समोरच्या पत्त्याकडे संदेश धाडतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. आधी गेटवेला पिंग करावे, मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने. गेटवेकडून उत्तर येते पण ८.८.८.८ कडून येत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, म्हणजे कंपनीच्या बाजूला असतो. आकड्यांना उत्तर मिळते पण नाव ओळखले जात नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर बदलून पाहावा. काही उपकरणे सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत, त्यामुळे एकाच नकारावरून निष्कर्ष काढू नये.

प्रिंटर काही दिवसांनी पुन्हा हरवत असेल, तर त्याचा पत्ता बदलला असण्याची शक्यता आहे, कारण डीएचसीपी पत्ता ठरावीक मुदतीसाठीच देते. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ उघडून प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच दिलेली बारा अंकाक्षरांची ओळख, नोंदवावी आणि त्याच्यापुढे कायमचा आयपी लिहावा. फोनसाठी हीच युक्ती करायची असल्यास त्यातील ‘रँडम मॅक’, म्हणजे खऱ्याऐवजी दुसराच मॅक अ‍ॅड्रेस दाखवण्याचा पर्याय, त्या वाय-फायपुरता आधी बंद करावा.