मंडळीत (चर्चमध्ये) कोणाचा दोष दिसल्यावर कसे वागावे

ख्रिस्ती माणसावर ढोंगीपणाचा आरोप होतो, तेव्हा आपण तो चटकन झटकून टाकतो. २००७ साली अमेरिकेतील बार्ना ग्रुप या संशोधन संस्थेची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत १६ ते २९ वयोगटातील ख्रिस्तेतर तरुणांपैकी ८७ टक्क्यांना ख्रिस्ती लोक इतरांना दोषी ठरवणारे वाटत होते आणि ८५ टक्क्यांना ते दांभिक वाटत होते. आकडे एका देशाचे आहेत, परंतु आरोप आपल्या परिचयाचा आहे, आणि धार्मिक लोकांवर तो खुद्द येशूनेही केला आहे. त्याचे सर्वांत कठोर शब्द पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांसाठी नव्हते, तर पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्या, पण न्याय, दया आणि विश्वास यांकडे पाठ फिरवणाऱ्या धार्मिकांसाठी होते (बायबलमधील मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय २३).

म्हणून दुसऱ्याच्या वागण्याबद्दल काहीही बोलण्यापूर्वी मत्तयाचा सातवा अध्याय “न्याय करू नका” या पहिल्या वचनावर न थांबता पाचव्या वचनापर्यंत वाचावा. भावाच्या डोळ्यातले कुसळ तसेच राहू द्या, असे येशू तेथे सांगत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे त्याचे कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे तो सांगतो. गप्प बसणे हा या शिकवणीचा अर्थ नाही. क्रम पाळणे हा आहे, आणि आपल्याकडून नेमका तोच मोडला जातो.

स्वतःची तपासणी मोघम असू नये. जे वाक्य आपण दुसऱ्याविषयी बोलणार आहोत ते कागदावर लिहावे, त्यातील नाव खोडून आपले नाव घालावे आणि आपल्याकडून असेच काही घडले होते तेव्हा आपण कोणती सबब दिली होती ते आठवावे. आपली चूक परिस्थितीमुळे झालेली असते आणि दुसऱ्याची मात्र त्याच्या स्वभावातून आलेली असते, हा हिशेब बहुतेकांच्या मनात पक्का बसलेला असतो. आपला संताप कोणत्या पापावर सर्वांत जास्त उसळतो, हेही पाहावे. गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून दावीद राजा भडकला आणि त्याला मरणाची शिक्षा सुनावून मोकळा झाला. त्याने स्वतः दुसऱ्याची बायको बळकावली होती, पण तो माणूस तूच आहेस, हे नाथान संदेष्ट्याने सांगेपर्यंत त्याला कळले नव्हते.

यानंतर ती गोष्ट मुळात पाप आहे की केवळ आपल्या सवयीविरुद्ध आहे, हे ठरवावे. पोशाख, संगीत, खाणेपिणे, सणवार यांवरून होणाऱ्या बऱ्याच कुरबुरी प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातच मिटतात; अशा बाबतींत एकमेकांना दोष लावू नका, असे तो तेथे सांगतो.

प्रार्थनासभेत विशेष जपावे, कारण परनिंदा तेथे फार सोज्ज्वळ रूपात येते. “त्या बहिणीसाठी प्रार्थना करू या, तिच्या घरात सध्या बरेच काही चालले आहे,” असे कोणी हळू आवाजात म्हणते, चार माना वर होतात, आणि प्रार्थना संपेपर्यंत तिचा संसार चर्चेचा विषय झालेला असतो. ही विनंती त्या व्यक्तीच्या संमतीने मांडली जात आहे का, एवढे शांतपणे विचारावे. संमती नसेल तर नाव आणि तपशील तोंडातून बाहेर काढू नयेत. देवाला ते ठाऊक आहेत.

दोष खरा असेल आणि बोलणे आवश्यक असेल, तर मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने, त्याच माणसाकडे जावे. जाताना निकाल घेऊन जाऊ नये. जे पाहिले तेवढेच सांगावे आणि मग त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. त्याने ऐकले नाही तरच एकदोघांना सोबत न्यावे, आणि त्यानंतरच मंडळीपुढे विषय यावा. आज पहिली पायरी वगळून विषय थेट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जातो, आणि संबंधित माणसाला तो सर्वांत शेवटी कळतो.

मात्र लहान मुलांवरील अत्याचार, मारहाण किंवा लैंगिक छळ अशा प्रसंगी पीडित व्यक्तीला “आधी एकटी जाऊन त्याच्याशी बोल” किंवा “न्याय करू नकोस” असे सांगणे हा शास्त्राचा उघड गैरवापर आहे. तेथे पीडिताला सुरक्षित करावे आणि पोलिसांकडे जावे. आरोपी पाळक (चर्चचा धर्मगुरू) असला तरी यात फरक पडता कामा नये, आणि मंडळीची अब्रू राखण्यासाठी दडपादडपी करणाऱ्यांनी ढोंगीपणाची दुसरी व्याख्या शोधू नये.

मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे आपले काम नाही, असे पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिले आहे. आपण बहुधा उलट करतो: बाहेरच्यांवर तुटून पडतो आणि आतल्यांना पाठीशी घालतो.

चुकलेला माणूस पश्चात्ताप करून परतला, तर त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितल्याप्रमाणे त्याला क्षमा करावी आणि धीर द्यावा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. व्यवहारात याचा अर्थ असा की, उपासनेच्या वेळी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू देऊ नये, त्याची जुनी गोष्ट नव्याने आलेल्यांना सांगू नये, आणि त्याच्या हातून पूर्वीच्या चुकीला वाव मिळणार नाही असे एखादे काम त्याला स्वतःहून द्यावे.