गोळ्यापासून कंडक्टरपर्यंत : ब्लेंडरमध्ये कार्टून पात्राचे डोके घडवताना

डिजिटल शिल्पकला शिकू पाहणाऱ्याने पहिले पात्र कोणते निवडावे, याचे माझे उत्तर ठरलेले आहे : ज्याला आपण शंभर वेळा पाहिले आहे आणि ज्याची नक्कल आपल्याला घरच्यांसमोर करता येते, असा माणूस. म्हणून या लेखात आपण एसटीचा कंडक्टर घडवणार आहोत, तोही तिकिटे यंत्रातून येऊ लागण्यापूर्वीचा : खाकी गणवेश, खांद्यावरून आडवी लोंबणारी चामडी पिशवी, जाड मिशा आणि रातराणीच्या फेरीनंतर अर्धवट मिटलेले डोळे. भर मुख्यतः डोक्यावर राहील, कारण कार्टून पात्र जमते किंवा बिघडते ते तिथेच.

सॉफ्टवेअर म्हणून ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवण्याचे साधन घेतले आहे. २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो जमा झाल्यावर ते मुक्त परवान्याखाली खुले झाले आणि तेव्हापासून ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. व्यावसायिक स्टुडिओंमध्ये झेडब्रशचा वापर मोठा आहे आणि टॅबलेटवर नोमॅड स्कल्प्टही चांगले चालते, पण मातीकामाची जी समज येथे लागते ती एकदा आली की तिन्हीकडे सारखीच उपयोगी पडते. दाब ओळखणारा पेन टॅबलेट असल्यास काम सुखाचे होते. मात्र तो नसल्यामुळे शिकणे लांबणीवर टाकू नये, कारण सुरुवातीचे सगळे मोठे आकार माउसनेही घडवता येतात. लॅपटॉपला वेगळा नंबरपॅड नसेल तर प्रेफरन्सेसमधील इनपुट विभागात ‘इम्युलेट नंबरपॅड’ हा पर्याय सुरू करावा, म्हणजे १ ने समोरून आणि ३ ने बाजूने पाहता येईल.

संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर दोन चित्रे काढावीत, एक समोरून आणि एक बाजूने. चित्रे सुबक नसली तरी चालतील, परंतु त्यांत एक निर्णय स्पष्ट दिसला पाहिजे : या पात्रात कोणती गोष्ट प्रमाणाबाहेर वाढवायची आणि तिच्यासाठी कोणती गोष्ट आकसून घ्यायची. माझ्या कंडक्टरचा जबडा पेरूच्या खालच्या भागासारखा फुगलेला आहे, कपाळ जवळजवळ नाही, आणि मिशी चेहऱ्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटे बाहेर जाते. नाक, कान, डोळे, हनुवटी असे सगळेच मोठे केले, तर काहीच मोठे दिसत नाही. ही चित्रे ब्लेंडरमध्ये संदर्भ प्रतिमा म्हणून मागे लावून ठेवावीत.

आता प्रत्यक्ष काम. ‘जनरल’ प्रकारची नवी फाइल उघडून त्यातला घन काढून टाकावा आणि शिफ्ट व ए दाबून एक यूव्ही स्फिअर, म्हणजे पृथ्वीगोलासारख्या उभ्या-आडव्या रेषांचा गोल, आणावा; ही झाली कवटी. दुसरा गोल जबड्यासाठी आणून तो खाली आणि किंचित पुढे सरकवावा, आडवा ताणावा, तिसरा छोटा गोल नाकासाठी घ्यावा. हे गोळे एकमेकांत घुसलेले असले तरी हरकत नाही, उलट तसेच हवे आहेत. कवटीचा गोल मात्र डावी-उजवीकडे हलवू नये, कारण पुढे स्कल्प्ट मोडमधील (ब्रशने मातीसारखे काम करण्याच्या अवस्थेतील) सममिती त्याच्या मूळ बिंदूवरून मोजली जाते आणि तो बिंदू मध्यावरून ढळला, तर एका गालावर केलेले काम दुसऱ्या गालावर भलत्याच जागी उमटते. सगळे गोल निवडून, कवटी सर्वांत शेवटी निवडून, कंट्रोल व जे दाबले की ते एक वस्तू होतात. त्यानंतर कंट्रोल व ए मधून स्केल लागू करणे विसरू नये. ताणलेल्या वस्तूवर ते राहून गेले, तर ब्रशचा ठसा वेडावाकडा उठतो.

एक वस्तू झाली तरी आत गोळ्यांच्या भिंती तशाच असतात. स्कल्प्ट मोडमध्ये जाऊन कंट्रोल व आर दाबले की व्हॉक्सेल रिमेश होतो, म्हणजे आतल्या भिंती नाहीशा होऊन बाहेरचा सलग पृष्ठभाग तेवढा सारख्या आकाराच्या चौकोनांत नव्याने विणला जातो. २०१९ च्या अखेरीस आलेल्या २.८१ आवृत्तीपासून ही सोय ब्लेंडरमध्ये आहे आणि नवशिक्याची अर्धी चिंता तिने मिटवली आहे. चौकोन केवढा असावा हे व्हॉक्सेल साइझवरून ठरते. दोन मीटर व्यासाच्या आपल्या डोक्यासाठी आरंभी ०.१ मीटर पुरे. हा आकडा निम्मा केला की चौकोनांची संख्या सुमारे चौपट होते, हे गणित कायम ध्यानात असावे. ते ठाऊक नसल्यामुळे माझ्या पहिल्या प्रयत्नात मी अर्ध्या तासात वीस लाख व्हर्टेक्सपर्यंत, म्हणजे जाळीतील बिंदूंपर्यंत, पोहोचलो होतो. लॅपटॉप गोठला ती गोष्ट वेगळीच. खरी अडचण अशी झाली की गाल जरा आत घ्यायचा म्हटले तरी सुरकुत्यांसारखे टेंगूळ उठत होते, कारण इतक्या दाट जाळीत मोठा आकार बदलणे म्हणजे वाळूचा ढीग चमच्याने हलवणे होय. ओव्हरलेमधून ‘स्टॅटिस्टिक्स’ दिसू द्यावे आणि मुख्य आकार मनासारखा होईपर्यंत संख्या दहा हजारांच्या खाली ठेवावी.

या टप्प्यावर ब्रश फक्त दोनच वापरावेत. जी दाबून मिळणारा ग्रॅब आकार ओढण्या-ढकलण्यासाठी, आणि शिफ्ट धरून मिळणारा स्मूद तो सपाट करण्यासाठी. एफ दाबून ब्रश मोठा करता येतो, आणि तो जवळजवळ अर्ध्या चेहऱ्याएवढा मोठा ठेवावा. लहान ब्रशने मोठा आकार बदलायला गेले की चेहरा बटाट्यासारखा होतो. व्ह्यूपोर्टची, म्हणजे काम दिसते त्या खिडकीची, भिंग-लांबी मुळात ५० मिलिमीटर असते. एन दाबून उघडणाऱ्या पट्टीत ती ८५ च्या आसपास न्यावी, नाहीतर जवळून पाहताना नाक आहे त्याहून मोठे भासते आणि आपण ते विनाकारण लहान करत बसतो.

दर दहा-पंधरा मिनिटांनी एक चाचणी घ्यावी. शेडिंगच्या पर्यायांत प्रकाश ‘फ्लॅट’ आणि रंग ‘सिंगल’ करून तो काळा निवडावा. समोर केवळ सावली उरते. त्या सावलीवरून हा कंडक्टर आहे की कोणीही गृहस्थ आहे हे कळत नसेल, तर पुढचा तपशील तूर्त बाजूला ठेवून पुन्हा ग्रॅब हाती घ्यावा. पाऊण कोनातूनही सावली पाहावी, कारण समोरून आणि बाजूने बरोबर दिसणारे डोके त्या कोनातून बहुधा चपटे निघते. गालाचे हाड आणि भुवईची कड यांना तिथे गोलाई देण्याचे राहून गेलेले असते.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते. कार्टूनच्या डोक्यात मात्र डोळे लवकर बसवावेत, असे माझे मत आहे, कारण बुबुळाचा गोल जागेवर आल्याशिवाय भुवई, गाल आणि नाकाचा दांडा कुठे असावा याचा अंदाज येत नाही. डोळा डोक्याच्या मेशमधून, म्हणजे जाळीतून, कोरून काढू नये. वेगळा यूव्ही स्फिअर घ्यावा, त्याचा ध्रुव समोर येईल असा तो फिरवावा, म्हणजे त्यावरची वर्तुळे बाहुलीभोवती येतात आणि पुढे रंग भरणे सोपे जाते. मिरर मॉडिफायर (वस्तूची आरशासारखी प्रत दाखवणारी सोय) लावून त्यात ‘मिरर ऑब्जेक्ट’ म्हणून डोके निवडले की दुसरा डोळा आपोआप बसतो.

पापण्यांसाठी एक युक्ती सांगतो, जी मला फार उशिरा कळली. तशाच मापाचा आणखी एक गोल घ्यावा, तो १.०६ पट मोठा करावा आणि या वेळी त्याचे दोन ध्रुव डोळ्याच्या दोन कोपऱ्यांकडे, म्हणजे आडवे येतील असा फिरवावा. यूव्ही स्फिअरला ३२ उभे भाग असतात. ध्रुव आडवे केल्यामुळे ते संत्र्याच्या फोडींसारखे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातात. एडिट मोडमध्ये, म्हणजे जाळीचे भाग सुटे निवडण्याच्या अवस्थेत, समोरच्या काही फोडी काढल्या की पापण्यांमधली फट तयार होते. दहा फोडी काढल्या तर डोळा टक्क उघडा, सहा काढल्या तर पेंगुळलेला. आपल्या कंडक्टरला सहाच पुरेत, आणि कापही मध्याच्या जरा खाली घ्यावा, म्हणजे वरची पापणी जड दिसते. शेवटी सॉलिडिफाय मॉडिफायरने जाडी द्यावी. त्यातील ऑफसेट मुळात उणे १ असतो, म्हणून जाडी आतल्या बाजूला वाढून पापणी बुबुळात रुतते. तो अधिक १ केला की जाडी बाहेर येते. भाव बदलायचा झाल्यास पापणीचा गोल नुसता थोडा फिरवला तरी काम भागते.

आता व्हॉक्सेल साइझ ०.०५ आणि मग ०.०२५ करून नाकपुड्या, भुवईची कड आणि डोळ्यांखालच्या पिशव्या क्ले स्ट्रिप्सने बांधाव्यात. कंट्रोल धरला की तोच ब्रश भर घालण्याऐवजी खणतो. कान ही नवशिक्यांना नाहक घाबरवणारी जागा आहे. कार्टूनमध्ये बाहेरची एक वळलेली कड आणि आतला एक खळगा एवढ्याने कान होतो. ओठांचे काम मिशीच झाकते, ही या पात्राची आणखी एक सोय.

मिशी वेगळ्या वस्तूत करावी. चपट्या गोलातून स्नेक हूक ब्रशने दोन्ही टोके बाहेर ओढावीत, आणि जाळी ताणली गेली की लगेच रिमेश करावा. टोक फार बारीक झाले असेल, तर व्हॉक्सेलपेक्षा पातळ भाग रिमेशमध्ये गळून पडतो, तेव्हा आकडा लहान करावा किंवा टोक बोथट ठेवावे. केस एकेक कोरण्याचा मोह येतोच. त्याऐवजी क्रीज ब्रशने प्रत्येक बाजूला चार-पाच रुंद खाचा द्याव्यात. दुरून तेवढ्याच दिसतात आणि मिशी दगडाची न वाटता केसांची वाटते.

इतका वेळ एक्स सममिती सुरू होती, आता ती बंद करावी. एक भुवई किंचित वर उचलावी, मिशीचे एक टोक खाली झुकवावे, नाक केसभर वाकडे करावे. हे आधी केले असते तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागली असती. फाइल दर टप्प्याला नव्या क्रमांकाने जतन करावी, कारण अनडू फार मागे नेत नाही आणि रिमेशने पुसलेला तपशील परत मिळत नाही.

पात्र स्थिर चित्रासाठी किंवा थ्रीडी प्रिंटसाठी हवे असेल, तर काम येथे झाले. त्याला बोलते करायचे असेल तर मात्र रिटोपॉलॉजी, म्हणजे जाळी नव्याने विणणे, आवश्यक आहे, कारण रिमेशची जाळी सर्वत्र सारखी असते, तर बोलणाऱ्या चेहऱ्याला डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती वर्तुळाकार ओळी लागतात. शिल्पाच्या पृष्ठभागावर फेस स्नॅपिंग सुरू करून विरळ चौकोनांची नवी जाळी हाताने विणावी, आणि सुरुवात तोंडाच्या कडेपासून करावी. मिशीची वस्तू तेवढा वेळ लपवून ठेवावी, नाहीतर नवे चौकोन ओठांऐवजी तिलाच चिकटत राहतात.