अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ओढू नका : सेवा करताना या चुका टाळा

वैशाख लागला की लातूर-बीडकडच्या घरांत मला तीच चूक दिसते. खाली घसरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या काखेत हात घालायचे आणि वर ओढायचं.

कोरडी कातडी चादरीवरून सरकते. घामानं, लघवीनं ओली झाली की तिचा वरचा थर मऊ पडून कापडाला जास्त चिकटून बसतो. पार ओल्या चादरीवर घर्षण दुपटीच्या वर जातं.

औसा तालुक्यातल्या एका आज्जींच्या नातवाला मी थांबवेपर्यंत तो म्हणाला, "सिस्टर, एका हिसक्यात घेतो वर, माणसं कशाला गोळा करायची?" खाली रेक्झिन, त्यावर घामेजलेली चादर. आज्जी वर आल्या, पण माकडहाडावरची रुपयाएवढी कातडी चादरीलाच राहिली. ती जखम भरायला दोन महिने लागले. एवढी घाई मला आजही सहन होत नाही.

म्हातारी कातडी जास्त अडते म्हणून सोलते, असं लोकांना वाटतं. तसं नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत वयानुसार घर्षणात फरक आढळला नाही. जागेनुसार मात्र मोठा आढळला: घर्षणाचा आकडा (जास्त आकडा म्हणजे कातडी जास्त अडते) कपाळावर ०.३४, पोटावर ०.१२. वयानं ढिली होते ती आतली पकड. कातडीचे वरचे आणि खालचे थर एकमेकांत गुंतलेले असतात, ते गुंतणं सपाट होत जातं. म्हणून तरुणाला लाली येईल तेवढ्या ओढीत म्हाताऱ्याची साल निघते.

मी आधी पालथा हात पाठीखाली सरकवते. हात अडला की चादर बदलल्याशिवाय माणूस हलवत नाही. कमरेखाली आडवी चादर घडी करून ठेवते. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरायची, आज्जींना गुडघे दुमडायला सांगायचं आणि उचलून न्यायचं. दुसरं माणूस नसेल तर शेजारून बोलवा.

जांघेत पावडरचा थर नको. कोरड्या कातडीवर ती घर्षण कमी करते, घामात भिजली की उलट वाढवते. पुसा, कोरडं होऊ द्या, मग हवी तर चिमूटभर.

पेट्रोलियम जेलीनं सुरुवातीला सरकतं, पण थोड्या वेळानं कातडी ओलावते आणि घर्षण चढतं. एकदा लावून दिवसभर विसरू नका.

उशाकडची बाजू तीस अंशांहून जास्त वर ठेवली की माणूस घसरतोच. जेवण झाल्यावर थोड्या वेळानं खाली करा.