वीस फिलोडेंड्रॉन आणि ‘ही हळद ना?’

फोंड्याजवळ नर्सरी टाकली त्या वर्षी मी हौसेने शोभेच्या पानांचे वीस दुर्मीळ फिलोडेंड्रॉन आणले. घाऊक भाव ४५० रुपये, विकायचे ९०० ला. जुलैत पाच मुळं कुजून गेले. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शेडनेट ऊन अडवतं, पाऊस नाही, एवढी साधी गोष्ट मला रोपं मेल्यावर उमगली. नऊ ठरल्या भावाने गेले. उरलेले सहा मी कंटाळून पाचशेला देऊन टाकले. अकरा महिन्यांनी हातात ११,१०० रुपये आले, त्यातले ९,००० माझेच.

रोपं मांडायच्या त्याच टेबलावर तेवढ्याच काळात जास्वंदीच्या शंभर-शंभर पिशव्यांच्या दोन खेपा निघाल्या असत्या. फांद्या घरच्याच, पिशवी, माती, शेणखत, मजुरी धरून नगाला वीस रुपये खर्च, विक्री साठला. दोनशेतल्या वीस मेल्या धरल्या तरी ६,८०० सुटतात. म्हणून नव्याने धंद्यात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, की एका रोपावर किती सुटतं ते बघू नका. ते किती जागा किती महिने अडवून बसतं ते बघा.

मग सगळी जास्वंदच का लावत नाही? कारण तिची फांदी शेजारीण फुकट देते. तगर, क्रोटन, पिटकुळी म्हणजे इक्झोरा, यांचंही तेच. साठाचे सत्तर केले की गिऱ्हाईक पुढच्या नर्सरीत. बागकाम करणारे कंत्राटदार पर्यटनाचा मोसम सुरू व्हायच्या आधी एकाच उंचीच्या तीनशे पिशव्या मागतात, त्याही पस्तीसने, आणि उधारीवर. एका हॉटेलच्या कामाचे माझे ऑक्टोबरातले पैसे पुढच्या चतुर्थीला आले. तोवर मजुरी उसनवारीवर भागवली.

वेगळं झाड हवंच, पण कुठलं? लॉकडाऊनच्या काळात पांढऱ्या ठिपक्यांच्या मॉन्स्टेराच्या एकेका पानाला लोक हजारो रुपये मोजत होते. पुढे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ढिगाने वाढवलेली रोपं बाजारात आली आणि भाव कोसळला. तेव्हा महागात घेतलेली रोपं अजून काहींच्या गळ्यात आहेत. सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड पोत्यात भरून आणणारेही भेटतात. अभयारण्यातून ओरबाडलेलं ऑर्किड मी दारात उभं करत नाही. तो गुन्हा आहे, आणि तसली रोपं सहसा जगतही नाहीत.

माझं नशीब टॉर्च जिंजर या आल्याच्या कुळातल्या फुलझाडाने उघडलं, तेही उशिरा. पिशवीत ते अगदी हळदीसारखं दिसतं. फुलाचा दांडा पानांपासून वेगळा, थेट जमिनीतून वर येतो, आणि त्यासाठी गड्डा मोठा व्हावा लागतो. पिशवीत फूल नाहीच. एक बाई पान चुरगळून, वास घेऊन म्हणाल्या, “ही हळद ना?” हळदीला २५० कोण देणार! दोन वर्षं पिशव्या पडून राहिल्या. जागा अडते म्हणून एक गड्डा गेटजवळ जमिनीत लावून टाकला. तो पुरुषभर उंच झाला आणि एका मे महिन्यात बुंध्याशी मेणाचे वाटावेत असे गुलाबी तुरे उभे राहिले. रस्त्यावरच्या गाड्या थांबायला लागल्या. सांगण्यासारखं काही उरलंच नाही. लोक फुलाकडे बोट दाखवून पिशव्या उचलायचे. गड्डा फोडून केलेल्या नव्या पिशवीला खर्च जास्वंदीएवढाच, भाव मात्र चौपट. हेलिकोनियाचंही मग तसंच केलं. लोंबती लाल फुलं समोर, पिशव्या पायाशी.

तरी दहातली सात टेबलं आजही जास्वंद, तगर, मोगऱ्याचीच. तुळशीच्या लग्नाआधी त्यातल्या दोनांवर नुसती तुळस असते. गेटजवळचा गड्डा आता कुंपणाला भिडलाय. या पावसाळ्यात तो फोडून एक टेबल जास्वंदीकडून काढून घ्यावं म्हणतोय, पण बायको टेबल सोडायला तयार नाही. हिशेबाची वही तिच्याकडे असते.