नागपूरहून शारजा, नागपूरहून बँकॉक: विमानाचं अंतर आणि वेळ घरीच कशी काढायची

नागपूरहून शारजा जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच बँकॉक. दोन्ही हवाई अंतरं साधारण २,४५० किलोमीटर. घड्याळाचा फरकही दोन्हीकडे दीडच तासाचा. शारजा आपल्या मागे, बँकॉक पुढे. हिशेब शिकायला यापेक्षा चांगली जोडी नाही.

मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतात: आधी अक्षांश, मग रेखांश. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे २१.०९ आणि ७९.०५, शारजाचे २५.३३ आणि ५५.५२. अक्षांशांतला फरक ४.२४, अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे ४७१. रेखांशांतला फरक २३.५३. इथे मात्र १११ ने गुणू नका. रेखांशाच्या रेषा उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यामुळे या पट्ट्यात एक अंश १०२ किलोमीटरचाच भरतो. २३.५३ गुणिले १०२ म्हणजे २,४००. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: २,४४६. बँकॉक दक्षिणेला असल्याने तिकडे १०२ ऐवजी १०६ घ्या. सरसकट १११ धरलं तर शारजा दोनशे किलोमीटर लांब जातं.

आता वेळ. अंतराला ८०० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा: ३ तास ३५ मिनिटं. हिवाळ्यात उंचावर वारा पश्चिमेकडून जोरात येतो. म्हणून त्या दिवसांत शारजाला जाताना पंधरा-वीस मिनिटं वाढवा, येताना तेवढीच कमी करा.

हे थेट विमानाचं झालं. बँकॉकला कोलकात्यावरून गेलं तर २,६२० किलोमीटर पडतात, मुंबईवरून ३,७०० च्या आसपास. आधी उलट्या दिशेला कशाला जायचं? दर आणि मधला थांबा सारखाच असेल तर कोलकाताच घ्या.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. समजा नागपूरहून पहाटे ४:०० ला निघून शारजाला ६:२० ला पोचायचं आहे. प्रवास २ तास २० मिनिटांचा वाटतो, पण दीड तास मिळवला की खरे ३ तास ५० मिनिटं निघतात. परतीला हाच दीड तास वजा करायचा.

तारीखही नीट वाचा. १४ तारखेचं ००:३० म्हणजे १३ च्या रात्री साडेबारा. १४ च्या रात्री गेलात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं.

शेवटी घरून निघायची वेळ. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे पहाटे चारच्या विमानाला रात्री एक वाजता. उदाहरणार्थ, गडचिरोलीहून नागपूर रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. एसटीला चार-पाच तास धरा. रात्रीच्या शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. दुपारचीच गाडी पकडून संध्याकाळी नागपुरात टेका.