महापालिकेची बाग सांभाळणारा गट कसा उभा करावा

बागेसाठी गट काढायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात : आधी संस्था नोंदवा आणि पावसाळ्यात झाडं लावा. मी दोन्हींच्या विरोधात आहे. आधी पाण्याचं लेखी ठरवा.

माणसं जमवणं सोपं आहे. रोज सकाळी त्याच बाकांवर बसणाऱ्यांना विचारा. मग बागेच्या माळ्याबरोबर एक फेरी मारा. कुठला नळ चालतो, कुठल्या वाफ्यात पाणी तुंबतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता पत्र. मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथे. ‘आम्ही बागेची देखभाल करू इच्छितो’ असं मोघम लिहिलंत की उद्यान विभागाकडून ‘हरकत नाही’ अशी एक ओळ येते, आणि सगळे पेढे वाटतात. त्या ओळीला एप्रिलमध्ये काडीची किंमत नसते. रोपं माना टाकतात, बागेचा ठेकेदार म्हणतो पंप माझ्याकडे नाही, पाणीपुरवठा विभाग म्हणतो उद्यान विभागाला विचारा. म्हणून पत्रातच मुद्दे घाला : कोणत्या नळाचं पाणी, किती वाजता, पंपाचं वीजबिल कुणाकडे, बोअर आटली तर टँकर कोण मागवणार, अवजारांच्या खोलीची किल्ली कुणाकडे, पालापाचोळा जाळायचा नाही हे ठेकेदाराला कोण बजावणार. सोबत बागेचा हाताने काढलेला नकाशा जोडा. नळावर लाल गोल करा.

पत्राची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. ‘ठेवून जा, बघतो’ यावर विश्वास ठेवू नका. मग अधिकाऱ्यांना बागेतच बोलवा, आणि जे ठरेल ते त्याच संध्याकाळी लिहून पुन्हा आवक करा. जबाबदारी पदावर लिहा, नावावर नको. साहेबांची बदली झाली की तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो.

फांदी छाटायचीही घाई नको. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. करवत घेऊन येणारा उत्साही सभासद गटाला थेट गुन्ह्यात अडकवू शकतो.

नोंदणी यानंतर. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलेल्या संस्थांचे पुढे तिथे फार हाल होतात. हिशेब दरवर्षी तपासून घ्या. संस्थेला बाग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळता येते, याचं उदाहरण पुण्यातच आहे : तिथली एम्प्रेस गार्डन ही बाग ‘अॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था चालवते.

काम उन्हाळ्यात सुरू करा. नवं काही लावू नका. आहे त्या झाडांची आळी मोकळी करा, खोडाला आवळणारं सिमेंट विभागाकडून काढून घ्या, पाचोळ्याचं आच्छादन पसरा, खोडापासून वीतभर लांब. मे महिनाभर आठवड्यातून दोनदा पाणी पोचवून दाखवता आलं, तरच जूनमध्ये रोपं मागायला जा, आणि जितक्यांना पाणी पुरलं तितकीच आणा.