जड झूम लेन्स आणि चुळबुळा वटवट्या

पर्णवटवट्या हा चिमुकला पक्षी जेमतेम ७-८ ग्रॅमचा आणि माझी १५०-६०० मिमीची झूम लेन्स दोन किलोंची. ती डोळ्याला लावून स्थिर करेपर्यंत पक्षी दुसऱ्या फांदीवर! हात भरून यायचे, फोटो हललेले. मोनोपॉडने, म्हणजे एका पायाच्या स्टँडने, निम्मं काम झालं. त्यावर पुढेमागे कलणारं हेड मात्र हवंच, नाहीतर उंच फांदीकडे लेन्स वळतच नाही. खरा फरक पडला तो झूमने. आता लेन्स २०० वर ठेवूनच हिंडतो. पक्षी चौकटीत आला की डोळा न काढता ६०० वर नेतो. शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. सावलीत आयएसओ चढतो आणि फोटोत दाणेदार ठिपके दिसतात, दिसू देत! ते नंतर कमी करता येतात, हललेलं पीस सावरता येत नाही. डोळ्यावरची ती फिकट भुवई आता अगदी स्वच्छ येते.